"पिशवी कुठंय तुझी?" – ठाण्यातल्या एका दत्तक मुलीची केस

दत्तक घेणाऱ्या कुटुंबांची होम स्टडी, म्हणजे घरी जाऊन पाहणी, करणं आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षं फॉलोअप ठेवणं हे माझं काम. ही केस ठाण्यातली, नौपाड्यातल्या एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमधली. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, मुलीला इथे मनू म्हणते. लिहायचं कारण एवढंच की या केसमधे माझ्या हातून एक गोष्ट सुटली, आणि आईबाप, आजी, शाळेतल्या बाई असे सगळे रोज त्या पोरीच्या अवतीभोवती असून त्यांच्याही हातून सुटली, कारण आम्ही सगळे तिच्या रंगाकडे बघत बसलो होतो.

नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. तो रबाळे एमआयडीसीत, ती एका सहकारी बँकेत, घरात त्याची आई. 2020 मधे त्यांनी कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं, होम स्टडी माझ्याकडे आली. होम स्टडीत मी एक प्रश्न नेहमी आडून विचारते, मूल दिसायला तुमच्यापेक्षा फार वेगळं असलं तर काय? सरळ विचारलं तर सगळेच म्हणतात आम्हाला काही फरक पडत नाही, आणि मग चहा झाल्यावर दाराशी चपला घालताना कुणीतरी हळूच म्हणतं, मॅडम, फार काळं नको हां, आमच्याकडे सगळे उजळ आहेत. या घरात आजीच म्हणाल्या, "काळं असो गोरं असो, उंबरा ओलांडला की आमचंच." मी ते वाक्य रिपोर्टात जसंच्या तसं टाकलं. गोरं म्हणजे किती गोरं असू शकतं हा विचार तेव्हा आजींच्याही डोक्यात नव्हता आणि माझ्याही.

मग नेहमीसारखं वाट बघणं. लहान निरोगी बाळासाठी आता तीन वर्षांच्या वर थांबावं लागतं, रजिस्ट्रेशन केलेले लोक पोर्टल उघडून आपला नंबर कुठवर सरकला ते रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखं बघत बसतात. पण पोर्टलवर काही मुलं अशीही असतात ज्यांच्यासाठी रांगच नसते, स्पेशल नीड्स असलेली, वय वाढलेली, भावंडांसोबतची. 2022 च्या दिवाळीनंतर एका रात्री अकराला मला फोन आला, "मॅडम, एक मुलगी दिसतेय, तीन वर्षांची, फोटोत केस पांढरे आहेत, हा प्रिंटिंगचा प्रॉब्लेम आहे की खरंच?" खरंच होतं. मेडिकल रिपोर्टात दोन ओळी होत्या, अल्बिनिझम, आणि खाली 'दृष्टी – नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करावी'. आज मागे वळून बघते तर सगळी केस त्या दुसऱ्या ओळीत होती. आम्ही पहिल्या ओळीवरच अडकलो.

मी त्यांना सांगितलं ते बरोबरच होतं, घाई करू नका, रिपोर्ट तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तो तुमचा हक्क आहे, रिझर्व्ह केल्यावर 30 दिवसांत मुलीला भेटून मग हो म्हणायचं असतं. त्यांच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावलं, तो कागद अजून त्यांच्या फाइलमधे आहे. त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारं मेलॅनिन, ते बनवण्याच्या कामात एका जीनमधे बिघाड असतो, कुणाच्या शरीरात ते अजिबात बनत नाही, कुणाच्या थोडं बनतं. बिघडलेला जीन आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल असं जन्मतं, एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक राहतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणजे जन्म देणाऱ्या दोघांचेही केस बहुतेक काळेच. ही गोष्ट त्या दिवशी माहिती म्हणून ऐकली आणि सोडून दिली, पुढे दोन वर्षांनी ती फार कामाला आली. युरोप-अमेरिकेत साधारण 17 ते 20 हजारांत एक असं प्रमाण सांगतात, टांझानियात 1,400 मधे एक. आजोबा नाहीत पण आजोबांचे भाऊ आहेत, त्यांनी व्हॉट्सअपवरून आफ्रिकेत अशा लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या पाठवल्या आणि खाली "विचार करा". पोरगी विदर्भातल्या एका संस्थेत, आणि यांना टेन्शन टांझानियाचं.

नातेवाइकांत जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं कोड आहे, पसरेल, घरातल्यांना लागेल. कुणी म्हणालं तिच्या आईने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नसेल. दुधावर मासे खाल्ले असतील हेही आलंच, ते आपल्याकडे कुठल्याही पांढऱ्या गोष्टीला लागतं. कोड आणि अल्बिनिझम यांचा काही संबंध नाही, कोडात असलेला रंग नंतर जातो, इथे रंग जन्मापासूनच कमी, आणि लागण तर दोन्हीची होत नाही. आजींना हे डॉक्टरांकडून ऐकायचं होतं म्हणून त्या गुडघे दुखत असताना रिक्षाने दवाखान्यात गेल्या, ऐकून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीची तीन तिकीटं काढायला सांगितली. तीन, दोन नाही. "मला बघू दे आधी, मग नावं ठेवणाऱ्यांना मी बघते."

2023 च्या जानेवारीत मनू घरी आली, आधी प्री-अडॉप्शन फॉस्टर केअर म्हणून, म्हणजे आदेश होईपर्यंत सांभाळायला, नंतर तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला. पूर्वी हे कोर्टात व्हायचं, बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर 2022 पासून लागू झाल्यावर आदेश जिल्हाधिकारी देतात. तो भाग बिनबोभाट झाला, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते बिल्डिंगमधलं. पहिल्या आठवड्यात खालच्या काकू, "अय्या, फॉरेनची आणलीत का हो?" वॉचमनचं मत, "सूरजमुखी बच्ची है साहब, नसीबवाली होती है." तलावपाळीला फिरायला नेलं तर एक बाई वाकून तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या, व्हॉट इज युअर नेम बेटा वगैरे, मनू आईच्या ओढणीमागून म्हणाली, "ही काय म्हनून राह्यली?" संस्थेतून आलेली पक्की वैदर्भी. आई हे सांगताना हसते, पण रोज रोज हसून नेणं सोपं नसतं. ज्या समाजात मुलगी गोरी व्हावी म्हणून केशर घातलेलं दूध पितात तिथे ही सगळ्यांपेक्षा गोरी पोरगी आली तर तिच्याकडे रोखून बघतात, गाल ओढतात, न विचारता फोटो काढतात. फ्लॅश मारला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि फोटो काढणारा म्हणायचा, लाजते बघा.

घरच्यांनी उन्हाची बाजू मात्र अशी सांभाळली की मी इतर कुटुंबांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. लांब बाह्या, मोठ्या काठाची टोपी, एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, बाहेर असलं की दर दोन तासांनी परत. पावसाळ्यातही, कारण ढगातूनही अल्ट्राव्हायोलेट येतं. पहिल्या उन्हाळ्यात कानाच्या पाळ्या राहिल्या आणि त्याच भाजल्या, तेव्हापासून आजी सनस्क्रीन "कानापासून नाकापर्यंत" लावतात. गोविंदाला दुपारी बाहेर नाही, ठाण्यातल्या मोठ्या हंड्या रात्री उशिरापर्यंत चालतात, मग वडिलांच्या खांद्यावर बसून रात्रीची हंडी. शाळेत टोपी युनिफॉर्ममधे बसत नाही म्हणून वाद झाला, डॉक्टरांची चिठ्ठी दिली, मिटला. जुलै 2023 चा पहिला फॉलोअप, जानेवारी 2024 चा दुसरा, दोन्ही रिपोर्टांत मी लिहिलंय, 'मूल कुटुंबात उत्तम रुळले आहे. त्वचेची काळजी योग्य रीतीने घेतली जाते. चष्मा आहे, अडचण नाही.'

चष्मा आहे, अडचण नाही. हे मी लिहिलं, कॉपी माझ्याकडे आहे.

चष्म्याचं असं झालं होतं की आल्या आल्याच त्यांनी तिला एका चष्म्याच्या दुकानात नेलं, तिथे मशीनवर नंबर काढला, नंबर होता, चष्मा बनला, दुकानदार म्हणाला आता दिसेल. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात चष्मा म्हणजे नजरेचा प्रश्न संपला असंच असतं, माझी स्वतःची आई चष्म्याशिवाय भिंतीला धडकते आणि चष्मा लावला की मुंगी बघते. तर चष्मा लागला, फाइल बंद.

त्यानंतरच्या दीड वर्षातल्या तक्रारी आता एकाखाली एक मांडल्या तर कुणालाही कळेल. पण त्या एकाखाली एक येत नव्हत्या, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून वेगवेगळ्या दिवशी येत होत्या. आजी म्हणायच्या, जेवताना फार सांडते, विशेषतः दहीभात. आई म्हणायची, पुस्तक नाकाला लावते, कितीदा ओरडले, डोळे खराब होतील. वडील म्हणायचे, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर दर वेळी थबकते, भित्री आहे. ज्युनियर केजीच्या बाई म्हणायच्या, पाठांतर एक नंबर, एकदा ऐकलं की म्हणून दाखवते, पण फळ्यावरचं उतरवत नाही, लक्ष नाही, मान वाकडी करून बघते, सरळ बघ म्हणून मी रोज मान सरळ करते. आणि मी म्हणायचे, संस्थेतून आलेल्या मुलांना सेटल व्हायला वेळ लागतो. सगळ्यात शहाणं वाक्य माझंच, म्हणूनच सगळ्यात जास्त नडलं. मूल दत्तक असलं की त्याच्या प्रत्येक वागण्याला आम्ही संस्थेचं कारण चिकटवतो, त्याला मग डोळे, कान, दात, जंत असं काही असू शकतं हे बाजूलाच राहतं.

तिसरा फॉलोअप जुलै 2024 मधला, धो धो पाऊस. माझ्याकडे एक केशरी झोळी आहे, वर्षानुवर्षं तीच घेऊन फिरते, त्या दिवशी ती भिजेल म्हणून घरी ठेवून मुलाची काळी सॅक घेतली होती. दार आजींनी उघडलं. मनू हॉलमधे खाली बसली होती, दारापासून आठ-दहा फुटांवर. आधीच्या दोन्ही वेळी मी आले की धावत यायची. या वेळी मान डावीकडे वळवून, डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत राहिली आणि आजीला विचारलं, "कोण आलंय?" आजी म्हणाल्या, अगं असं काय करतेस. मी रेनकोट काढत म्हटलं, "काय मनूबाई, विसरलात का मला?" तशी उठून आली, माझ्या हातांना चाचपलं आणि म्हणाली, "मावशी! पिशवी कुठंय तुझी?"

मला तिथेच कसंतरी झालं. ती मला कधी बघतच नव्हती, केशरी रंग यायचा तो तिला दिसायचा, आणि नंतर आवाज. मग आम्ही तिघींनी मिळून खेळ केला, आजींना म्हटलं तुम्ही न बोलता आतून या, आईची साडी अंगावर टाकून. मनू "आई" म्हणाली. आजी पदर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आई तेव्हा बँकेत होती, तिला फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग फक्त, "म्हणजे तिला माझा चेहरा माहीत नाही?" तसं नव्हतं, जवळून माहीत होता, रोज रात्री नाकाला नाक लावून झोपायची ती. पण मी ते त्या क्षणी नीट सांगू शकले नाही.

पुढे लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर आणि लो व्हिजन, म्हणजे कमी दृष्टीचं, क्लिनिक. तिथे जे समजलं ते दत्तक असो वा नसो, अल्बिनिझम असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी माहीत पाहिजे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण बारीक बघतो, तो या मुलांमधे पूर्ण घडलेलाच नसतो, शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटणी वेगळी झालेली असते त्यामुळे दोन डोळ्यांनी मिळून खोलीचा जो अंदाज येतो तो कच्चा राहतो. चष्मा नंबर घालवतो, पडदा दुरुस्त करत नाही. मनूची नजर चांगल्यातला चांगला चष्मा लावून दोन्ही डोळ्यांत 6/36. म्हणजे तुम्हाआम्हाला जे 36 मीटरवरून दिसेल ते तिला 6 मीटरवर यावं लागतं. बुबुळं सारखी हलतात, त्याला निस्टॅगमस म्हणतात, तिला स्वतःला जग हलताना दिसत नाही. आणि मान वाकडी करते ती सवय नाही, त्या एका कोनात बुबुळं सगळ्यात कमी हलतात म्हणून तिला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. तो कोन तिने स्वतः शोधून काढला होता, आणि बाई रोज तिची मान सरळ करत होत्या. पुस्तक नाकाला लावणं तर डॉक्टर म्हणाले लावू द्या, जवळ नेलं की अक्षर मोठं होतं, एवढंच ते आहे, त्याने डोळे बिघडत नाहीत. आईने त्या दिवशी रात्री मला मेसेज केला, "दीड वर्ष मी तिला वाचायचं नाही म्हणून ओरडत होते." मी उत्तर दिलं नाही, काय देणार.

घर बदललं ते आजींनी. क्लिनिकमधल्या बाईंनी सांगितलं की कॉन्ट्रास्ट बघा आणि चमक टाळा. आजींना कॉन्ट्रास्ट शब्द कळला नाही पण अर्थ सगळ्यांच्या आधी कळला. स्टीलचं ताट, त्यावर ट्यूबलाइटची चमक, त्यात पांढरा दहीभात, आणि ती पोर अंदाजाने घास उचलतेय. आजी दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याला गेल्या आणि गर्द निळ्या रंगाचं मेलामाइनचं ताट, वाटी, दुधाचा कप घेऊन आल्या. दहीभात त्या ताटात, आमटी मात्र पांढऱ्या वाटीत. सांडणं आठवड्याभरात जवळपास थांबलं. जेवायला खिडकीकडे तोंड करून लावलेली खुर्ची फिरवून तिची पाठ खिडकीकडे केली. वह्यांच्या फिकट निळ्या रेघा तिला दिसतच नव्हत्या, तर काळ्या मार्करने पट्टी धरून आजी रोज दोन-दोन पानं आखून ठेवायला लागल्या, जाड रेघांच्या वह्या बाहेर मिळतात हे कळेपर्यंत त्यांच्या तीन वह्या आखून झाल्या होत्या.

वडिलांनी जिन्याचं काम अंगावर घेतलं. आपल्या जुन्या बिल्डिंगचे जिने म्हणजे सगळ्या पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या, कड कुठे संपते आपल्यालाही अंधारात कळत नाही. त्यांनी सोसायटीला पत्र दिलं, प्रत्येक पायरीच्या काठाला पिवळा पट्टा मारू द्या. महिनाभर उत्तर नाही. मग एका शनिवारी रात्री बारानंतर ते आणि त्यांचा भाचा डबा-ब्रश घेऊन बसले आणि सकाळपर्यंत तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत पट्टे. सोसायटीची नोटीस आली, 'विनापरवानगी रंगकाम', आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या विंगमधल्या मोतीबिंदूवाल्या काकांनी अर्ज केला की आमच्याही जिन्याला मारा. नोटीस कुणी मागे घेतली नाही, पण पुढेही कुणी काही बोललं नाही.

शाळेचं सोपं होतं, फक्त कुणी नीट सांगायला हवं होतं. पहिला बाक, पण वर्गाच्या डाव्या बाजूचा, म्हणजे फळा तिच्या उजव्या कोनात येतो आणि मान फार वळवावी लागत नाही. खिडकीकडे तोंड नाही. बाई फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचतात. लांबचं बघायला एक छोटी एकडोळी दुर्बीण दिलीय, ती शाळेत वापरायला लाजते, घरी गॅलरीतून कबुतरं बघायला वापरते. पहिलीची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमधे फुकट मिळतात, टॅबवर घेऊन पाहिजे तेवढी मोठी करायची. बाईंना मी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही, मी आपली तिची मान सरळ करत राहिले." यात त्यांची काय चूक. तिच्या फाइलमधे माझाच रिपोर्ट होता ना, अडचण नाही म्हणून.

सर्टिफिकेटचा किस्सा वेगळा. एका सरकारी हॉस्पिटलात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेले तर खिडकीवरून परत पाठवलं, अल्बिनिझम यादीत नाही. यादीत नाही हे खरंच आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत त्यात अल्बिनिझम असं नाव नाही. पण 'लो व्हिजन' आहे, आणि अर्ज त्या नावाखाली करायचा असतो. हे त्यांना आधी सांगणं माझं काम होतं, तेही राहिलं. दुसऱ्यांदा नजरेचे रिपोर्ट लावून, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर लो व्हिजनखाली अर्ज करून गेले, 6/36 वर 40 टक्के मिळाले. 40 हा आकडा महत्त्वाचा, बहुतेक सवलती तिथून सुरू होतात, पुढे लेखी परीक्षेला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळणं, जुन्या टॅक्स पद्धतीत 75,000 ची वजावट, वगैरे. घरात यावरून भांडण झालं, वडिलांना कार्ड नको होतं, "उद्या लग्नाच्या वेळी", हे पाच वर्षांच्या मुलीबद्दल. आजींनी विचारलं, "तू लग्नात कार्ड वाटणार आहेस की पत्रिका?" विषय संपला.

मधे एक घाबरायचा प्रसंग झाला. मे महिन्यात तिचा घोळणा फुटला, दोनदा. एरवी उकाड्यात कुणाचाही फुटतो, पण अल्बिनिझमचा एक दुर्मिळ प्रकार असा आहे, हर्मान्स्की-पुडलाक, ज्यात रक्त लवकर थांबत नाही. घरात जन्मलेलं मूल असलं तर मामा-काकांकडे विचारता येतं, दत्तक मुलाच्या बाबतीत तो रकाना कोरा. म्हणून सहज काळेनिळे डाग पडतात का, रक्त वाहत राहतं का याकडे लक्ष ठेवायचं, आणि दात काढणं किंवा ऑपरेशन असलं तर डॉक्टरांना आधी सांगायचं. यात प्लेटलेटची संख्या नॉर्मल येऊ शकते, बिघाड त्यांच्या कामात असतो, त्यामुळे नुसता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, बघून सुटका मानायची नाही. मनूची रक्ताच्या डॉक्टरांकडून वेगळी तपासणी झाली, काही निघालं नाही.

आता केसांची गोष्ट. दत्तक आहेस हे घरच्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं होतं, मी सांगितल्याप्रमाणे, गोष्टीसारखं, नागपूरच्या गाडीसकट. ते छान झालं होतं. 2024 च्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला आई तिच्या केसांना तेल लावत होती आणि पोरगी म्हणाली, "अजून किती दिवस राह्यले?" कशाला? "केस काळे व्हायला." आईला कळेना. मग हळूहळू उलगडलं, तिच्या डोक्यात असं होतं की ती दुसरीकडून आली म्हणून पांढरी आहे, या घरात राहिली की हळूहळू आईसारखी काळ्या केसांची होईल, तेव्हा ती पूर्ण या घरची. दर रविवारी न्हायल्यावर आरशाला नाक लावून बघायची ते यासाठी. आम्ही समजत होतो नटते.

आईने मला फोन केला तेव्हा रडत होती. मी म्हटलं, आपण तिला दोन गोष्टी सांगितल्या आणि तिने त्यांची एक केली, आता त्या सोडवून द्यायच्या. तू कुणाच्या पोटातून आलीस ही एक गोष्ट. तुझ्या अंगातला रंगाचा कारखाना हळू चालतो ही दुसरी. आणि मग मला त्या डॉक्टरांचा कागद आठवला, प्रिस्क्रिप्शनच्या मागचा. ज्या बाईने तुला जन्म दिला, तिचेही केस बहुतेक काळेच होते. तू तिच्याकडे राहिली असतीस तरी तुझे केस असेच असते.

आईने ते रात्री सांगितलं. मनूने विचार केला आणि विचारलं, "म्हंजे तिचे पण तुझ्यासारखेच?"

"हो, असतील."

"आणि माझे कुणासारखे?"

आई म्हणाली, तुझे तुझ्यासारखे. मला हे उत्तर तेव्हा फार पुस्तकी वाटलं, मी तसं बोललेही. मनूला मात्र चाललं, तिने दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरांना सांगितलं की असे केस अख्ख्या ठाण्यात फक्त तिचेच आहेत. हे काही खरं नाही. पुढच्याच महिन्यात ठाणे स्टेशनवर वाशीच्या प्लॅटफॉर्मवर तिच्यासारखेच केस असलेला एक कॉलेजचा मुलगा दिसला, मोबाइलने इंडिकेटरचा फोटो काढून, मोठा करून वाचत होता. आईने ओळख काढली. तो मराठी शाळेतून बारावी झालेला, कॉमर्सला. त्याने मनूला ती युक्ती शिकवली आणि सांगितलं की लोक इंग्रजीत बोलले तर मी मुद्दाम शुद्ध मराठीत उत्तर देतो. दोन वर्षांत माझ्या सगळ्या रिपोर्टांनी जे केलं नाही ते त्या दहा मिनिटांनी केलं असं आईचं म्हणणं, आणि मला ते मान्य आहे. 13 जूनला जागतिक अल्बिनिझम जागृती दिवस असतो, 2015 पासून संयुक्त राष्ट्रसंघ पाळतो, आपल्याकडे नेमकं तेव्हा शाळा उघडायच्या गडबडीत दप्तरं-रेनकोटांची खरेदी चालू असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तो मुलगा मात्र 2025 च्या त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला आला होता. आजींनी विचारलं नाही, सरळ निळं ताट पुढे केलं.

जानेवारी 2025 मधे माझे चारही फॉलोअप संपले. चौथ्या रिपोर्टात मी नजरेवर दीड पान लिहिलं, आणि आता कुठल्याही घरी दुसऱ्यांदा जाताना पिशवी बदलून जाते, दारात आधी गप्प उभी राहते. बाकीच्या घरांतल्या मुलांना याचं काय वाटत असेल देव जाणे.

नौपाड्यात मी अजूनही जाते, कामाशिवाय. सध्या तिथे सायकलवरून भांडण आहे. मनूला पाहिजे. आई नको म्हणते, खोलीचा अंदाज नाही, गल्लीत टेम्पो उभे असतात. वडील म्हणतात बघू. आजी म्हणतात संध्याकाळी साडेसहानंतर ऊन नसतं, मी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते, पडली तर पडली, गुडघे सगळ्यांचेच फुटतात. ठरलेलं काहीच नाही, फक्त घेतलीच तर पिवळी घ्यायची यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि मनूचं म्हणणं, केशरी.